नावावरची ठेव

कर-कचेरीचे दोघे आले. बूट काढून
टोकं दाराकडे वळवून नीट लावले.
मी सातूचा गार चहा ठेवला. दोघांनी हात लावला नाही.
नियम असावा. चहासुद्धा देणंच शेवटी.

टेबलावर चार पासबुकं, एकोणीस वर्षांची.
चारींवर नाव माझं: चिझुरू मोरिवाकी.
आणि शिक्का?
बाबांचा. त्यांच्याच खणात होता,
लोकरी मोज्यांखाली.

धाकटा अदबीनं म्हणाला,
मोरिवाकी-सान, देणं एकट्याला करता येत नाही.
एकानं देतो म्हणायचं, दुसऱ्यानं घेते म्हणायचं.
दरसाल सहा लाख येन, माफी अकरा लाखांपर्यंत.
नुसतं सांगितलं असतं तुम्हाला,
तर एक येनसुद्धा लागला नसता.
आता हे सगळं त्यांचंच धरायचं, त्यांच्यामागे उरलेलं.
वारसाकरात.

पैशावर पाणी सोडावं लागतं, तेव्हा ते दिलं.
बाबांनी सोडलंच नव्हतं.
पासबुक जवळ, शिक्का जवळ,
फक्त नाव तेवढं माझं.

माइझुरूच्या गोदीत त्यांच्या डाव्या हाताची
दोन बोटं गेली होती. उजव्या हातानं
शिक्का उमटवताना तो हात कोटाच्या खिशात असणार.
या हाताचं त्या हाताला कळू नये,
हे त्यांनी फारच मनावर घेतलं.

चार जानेवारीला पोस्ट उघडायचं.
ते सकाळीच जायचे, बर्फ असलं तरी.
येताना भाजलेलं रताळं, वर्तमानपत्रात गुंडाळून.
मोठा तुकडा मला. मी कधी विचारलं नाही
की पोस्टात एवढं काय असतं तुमचं.
मला वाटायचं, रताळ्यासाठीच जातात.

थोरल्यानं मग चष्मा काढून विचारलं,
नीट आठवा. कधी बोलले असतील?
जेवताना? तुमच्या लग्नाच्या वेळी?
घाई नाही.

तो मला वाट करून देत होता, हे मला कळलं.
एक 'हो', आणि सतरा लाख येन वाचत होते.
छपराला तेवढेच लागणार आहेत.

एकोणीस वर्षं त्या माणसानं
एक गोष्ट माझ्यापासून सांभाळली.
जेवताना, आजारात, अगदी शेवटी
इस्पितळात मी नखं कापत होते तेव्हाही
ओठांवर आलेलं गिळलं असेल.

नाही, मी म्हटलं.
मला काहीच माहीत नव्हतं.

धाकट्यानं लिहून घेतलं.
मग माझ्या शिक्क्यासाठी कागद वळवला,
आणि मला आठवेना
माझा मी कुठे ठेवलाय.