परक्या कंपनीचा ड्राइव्ह

इफ्तेखारने तो हैदराबादेहून आणला,
कोटीच्या बाजारातून, टॉवेलात गुंडाळून,
रात्रभर पॅसेंजरमध्ये मांडीवर धरून.
मूळ कंपनीचा घ्यायचा तर
भूजल कार्यालयाच्या दोन्ही जीपचं
वर्षाचं डिझेल गेलं असतं.

केबल बसली. बटण दाबलं.
युनिक्सनं सरळ सांगितलं :
असं कुणी इथे राहत नाही.

पहिल्या दिवशी कळलं,
डिस्कचा नंबर तीन आणि याचाही तीन.
हजेरीला दोघं एकदम 'हजर' म्हणायचे
आणि मास्तर गप्प.
चिमट्यानं मागचा जंपर उपसला, चारवर बसवला.

दुसरा दिवस साखळीच्या शेवटच्या टोकात गेला.
ते उघडं होतं.
"बारवेत हाक मारली की कशी परत येते,"
इफ्तेखार म्हणाला, "तसा सिग्नल परत येतोय.
आपलीच हाक आपल्याला खोटं पाडतेय."
टर्मिनेटर गावात कुठे मिळणार?
रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसून त्यानं
दोनशेवीस आणि तीनशेतीसच्या अठरा जोड्या निवडल्या,
तूर निवडावी तशा.
"बनी तो बनी," म्हणत डाग दिला.
'नहीं तो परभणी' म्हणायची सोय नव्हती;
आम्ही होतोच परभणीत.

मग मशीननं कूस बदलली, पण नाव विचारलं.
फाइलीत बनवणाऱ्याचं नाव लिहायचं, आठ अक्षरी.
याचं पाचच अक्षरांचं.
मी पाच लिहिली. नाही.
मोठ्या लिपीत लिहिली. नाही.
रात्री साडेदहाला, लाइट जायच्या अर्धा तास आधी,
ध्यानात आलं :
उरलेल्या तीन रिकाम्या जागाही
नावातच धरतात.

हे मला आधी सुचायला हवं होतं.
वडलांचं पेन्शन सात महिने अडलं होतं
एका वेलांटीपायी,
आणि मी खिडकीशी उभी राहून म्हणत होते,
अहो, माणूस तर तोच आहे ना.

तीन वेळा स्पेसबार.
हिरवा दिवा लागला. आत फीत सरकायला लागली,
लांब कुठेतरी जिनिंग चालू असावी
तसा आवाज.

माणिक खिल्लारे केव्हाचे दाराशी उभे होते.
अकरा वर्षं विहिरींत मापाचा टेप सोडणारे.
हा दुसरा टेप त्यांनी कधी पाहिला नव्हता.
पडद्यावर उमटलं :
विहीर एकशे चौदा, ताडकळस, अकरा मीटर साठ.

ते वाकले. बोट काचेला लावून वाचलं.
"हीच," म्हणाले, "हितंच माझी चप्पल पडली व्हती आत.
त्ये न्हाई का लिवलेलं?"

नाही, मी म्हणाले.
तोवर एकशे पंधरा आली होती.