प्राइस

महापे, रात्रपाळी, तिसरा मजला.
कानात वेल्सचा एक म्हातारा,
बॉयलरचा विमा, आडनाव प्राइस.
मी मनात म्हटलं, किंमत.
आमच्या घणसोलीत हा शब्द
भूसंपादनाच्या नोटिशीतून आला होता.

सिस्टीम लटकली. तो बोलत बसला.
किंमत नव्हे गं पोरी, ॲप रीस.
सवयीनं विचारलं, ॲप डाउनलोड केलंय ना सर?
तो हसता हसता खोकला.
ॲप म्हणजे मुलगा. रीसचा मुलगा.
कुणा कारकुनानं घाईत
दोन शब्द एकात दाबले,
मुलाचा प तेवढा वाचला.

रीस म्हणजे आमच्यात हेवा,
त्यांच्यात म्हणे उत्साह.

त्याच्या दरीत दर तिसरं दार प्राइस,
म्हणून धंद्यावरून हाका:
दूधवाला प्राइस, शवपेटीवाला प्राइस.
आमची तर अख्खी आळी म्हात्रे.
माझा बाप मिठागरवाला काथोर.
मिठागर भरावाखाली जाऊन वीस वर्षं झाली,
बाप जाऊन सहा,
कुरिअरवाल्याला पत्ता सांगताना
अजून तेच सांगावं लागतं.

कॉल संपला. रेटिंग पाच.
गळ्यातलं ओळखपत्र उलटं झालेलं,
सरळ केलं:
सुगंधा के. म्हात्रे.

त्यांच्याकडं बाप शाबूत,
मुलगा झिजून एक अक्षर.
इथं मी अख्खी,
आणि काथोर
एका टिंबाला टेकून उभा.