कल

आमच्याकडे शाळेत बूट बाहेर काढतात,
त्यामुळे मुलांना मी आधी मोज्यांवरून ओळखते.
आर्नी हुट्टुनेनच्या डाव्या मोज्यातून
अंगठा बाहेर आलाय, जणू तोच मुलाखतीला आलाय.

फेब्रुवारी. नववीचा वर्ग. प्रत्येकी वीस मिनिटं.
एवढ्यात आयुष्य ठरत नाही,
अर्ज मात्र भरून होतो.

संगणक म्हणतो, आर्नीचा कल मालवाहतुकीकडे.
याच संगणकाने सोमवारी तीन मुलींना
अंत्यविधीचा व्यवसाय सुचवला.
तिघी हसत गेल्या.
एक परत आली, पगार किती ते विचारायला.

"तुला काय आवडतं?"
खांदे वर, खांदे खाली.
"बरं, काय नको?"
"प्रश्न," तो म्हणाला.

खिडकीतून गोठलेलं सरोवर दिसतं
आणि पलीकडे कागद गिरणीची चिमणी.
धूर नाही आता, कावळे बसतात.
सत्त्याण्णव साली या खुर्चीत त्याचा बाप होता, वेसा.
त्याला साउनाचे बाक करायचे होते,
कडा गोल घासलेले, उघड्या पाठीला न टोचणारे.
मी नवी नवी, हातात रंगीत तक्ते.
म्हटलं, वेसा, कागद तर जगाला लागणारच.
त्याने ऐकलं.
बारा वर्षांनी भोंगा वाजायचा थांबला.

आता तो नॉर्वेत मासे साफ करतो,
तीन आठवडे तिकडे, एक इकडे.
दुकानात दुधाच्या कपाटापाशी भेटला
की मान हलवतो, ओळखीची, साधी.
तेच मला पचत नाही.

"अनुभवाचा आठवडा कुठे काढलास?"
बेकरीत जागा नव्हती. मग वृद्धाश्रमात.
सहा नंबरच्या खोलीत काउको आजोबा,
गिरणीचे जुने फिटर, एक्क्याण्णव वर्षांचे, ठार बहिरे.
आणि मग आर्नीचं वाक्य संपेना:
स्क्रू ड्रायव्हरचं टोक यंत्रावर टेकवायचं,
मूठ कानामागच्या हाडावर.
यंत्र आधी कुजबुजतं, मग बोलतं, मग ओरडतं.
ओरडेपर्यंत थांबला तो कारागीर कसला,
असं आजोबा म्हणतात.
म्हणजे ओरडतातच.

मग तो कलला.
खुर्चीसकट, भिंतीकडे.
माझी पेन्सिल उचलली,
एक टोक रेडिएटरवर, दुसरं कानामागे,
डोळे मिटले.
बाहेर कुणी बर्फावरून फावडं ओढत होतं.
"पंप," तो म्हणाला. "तळघरातला. बेअरिंग जातंय."

ती घरघर मी सहा वर्षं ऐकते आहे.
मला वाटायचं, माझ्याच कानात आहे.
डॉक्टरांनी गोळ्यासुद्धा दिल्या होत्या.

अर्जात पसंतीचे रकाने आहेत,
प्रत्येकाला सांकेतिक क्रमांक.
ऐकण्याला क्रमांक नाही.
'यंत्रदुरुस्ती' लिहायला गेले आणि हात अडखळला,
वेसाचा अर्जही याच हाताने भरलेला.
"कारखाने बंद पडतात, आर्नी,"
मी म्हणाले. समुपदेशकाने म्हणू नये ते.

त्याने अंगठा मोज्यात ढकलायचा प्रयत्न केला.
"बंद पडायच्या आधी आवाज येत असेल ना?"

आला असेल.
मी तेव्हा तक्ते दाखवत होते.

पहिली पसंती त्याने स्वतःच लिहिली, गिचमिड अक्षरात.
बाकीचे रकाने कोरे ठेवले.
असं चालत नाही, हे त्याला सांगितलं,
आणि सही केली.

गुरुवारी हेइमो, आमचा शिपाई, तळघरात उतरला
आणि शिव्या घालत वर आला,
कोपरापर्यंत ग्रीस,
मुठीत बेअरिंग, दात पडलेल्या तोंडासारखं.

आता खोली गप्प आहे.
इतकी, की दाराबाहेर
मोज्यांतली पावलंही कळतात.
कुणीतरी येऊन उभं राहिलंय.
ठोठावत नाहीये अजून.