नऊ आणि तीन

केयोनच्या दवाखान्यात
नोल्फा बार्रियाला मी एक वही दिली होती :
डोकं कधी उठलं, गोळी कधी घेतली.

महिन्याने आणली. पानांना माशाचा वास,
अक्षर रेघेवर नीट बसलेलं.
‘सकाळी नऊ. डाव्या डोळ्यात करवत.
गोळी, दुपारी तीन.’
पुन्हा नऊ. तीन.
पुन्हा.

अहो, लगेच घ्यायची ना ती,
माझा आवाज जरा चढलाच.

ती मोज्यांत भिजून सुरकुतलेली बोटं बघत राहिली.
पट्ट्यावर मिनिटाला बावीस मासे येतात, म्हणाली.
गोळीला पाणी लागतं, पाण्याला सुट्टी,
सुट्टीला कारण.
मुकादम म्हणतो, डोकं तर मलाही आहे.
नवरा म्हणतो, तुझ्या आईचेही हेच नखरे.
आईने कपाळाला बटाट्याच्या चकत्या बांधून
चाळीस वर्षं काढली,
तिला कुणी विचारलं नाही, किती वाजता.

मी गोळी बदलणार होते.
पेन उघडंच होतं.
मग मुकादमाच्या नावे लिहिलं, शिक्क्यासकट :
यांना नऊ वाजता पाणी द्यावे.

पुढच्या वहीत
एक पान जवळजवळ कोरं.
‘आज उठलं नाही.’
खाली, बारीक अक्षरात :
‘मुकादम रजेवर.’