झुकतं माप

शनिवारी, वेंता नदीवरचं धुकं अजून पुलाखालीच असताना
मी वजनांची पेटी घेऊन बाजारात उतरतो.
मखमलीच्या खळग्यांत पितळी वजनं झोपलेली,
पाचशे, दोनशे, शंभर, आणि एक ग्रॅमचं ते चिमुकलं,
जे हरवलं तर मीही हरवेन, असं बायको म्हणते.

मला पाहून लोक हात पुसतात.
चोवीस वर्षांत कुणी सफरचंदाची फोड पुढे केली नाही.
दिली तर लाच, न दिली तर माणुसकी नाही,
म्हणून ते म्हणतात, "थंडी वाढली,"
आणि मी म्हणतो, "वाढली."

गुंटिसचे वाम मासे धुरानं सोनेरी झालेले,
काटा दोन ग्रॅम मागे. चालतं, नियमात बसतं.
मिर्द्झा पावाच्या बुडावर टकटक करते,
आत कुणी आहे का, असं विचारल्यासारखी;
तिचा काटा बिनचूक, चेहरा त्याहून.
शहाजिऱ्याचं चीज विकणारे दोघे भाऊ
एकाच तराजूवर दोन बाजूंनी भांडतात.
रानातली क्रॅनबेरी विकणारी पोर
टिनच्या मगाने मापते. मगाला पोचा.
पोचा आत गेलेला. म्हणजे माप कमी.
"मग दर शिगोशीग भरते ना," ती म्हणते.
शिगेला कुठलं वजन लावायचं?
मी पुढे सरकतो.

शेवटचं टेबल स्कैद्रितेचं.
करडे वाटाणे, सुकवलेल्या सफरचंदांच्या माळा,
हिरवा रंग उडालेला घड्याळी काटा.
मी पाचशेचं वजन ठेवलं.
सुई चारशे सत्तरवर थांबली.
उचललं, फुंकर मारली, पुन्हा ठेवलं.
चारशे सत्तर.

"बाई, तुमचा काटा खोटा आहे."
"माहीत आहे."
"किलोमागे साठएक ग्रॅम तुम्ही फुकट वाटताय."
"तीन वर्षांपूर्वी गोठ्याच्या पायरीवरून पडला.
दुरुस्तीला चाळीस युरो सांगतात.
चाळीस युरोचे वाटाणे अजून गेले नसतील."

गेले असतील. केव्हाच.
मी मनात हिशेब केला, तोंडानं नाही.

ती पुढे वाकून हळूच म्हणाली,
"लोक म्हणतात, स्कैद्रितेचे वाटाणे शिजले की फार फुगतात.
लिएपायाहून माणसं येतात.
त्यांना मी काय सांगू?"

फॉर्मवर दोनच चौकटी:
'बरोबर' आणि 'ग्राहकाचं नुकसान'.
तिसरी छापायचं कुणाला सुचलंच नव्हतं.
मी समासात बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं,
आणि काट्याला लाल दोरा बांधला,
कारण खोटं ते खोटं, कुणाच्याही बाजूचं असो.

तिनं कुरकुर केली नाही.
गुंटिसचा काटा मागून आणला,
त्याला मासळीचा वास, म्हणून खाली वर्तमानपत्र.
पहिलं गिऱ्हाईक आलं. तिनं वाटाणे ओतले,
सुई अर्ध्या किलोवर आली, स्थिर झाली.
मग तिनं पोत्यात हात घातला
आणि वरून एक मूठ टाकली.

माझ्या पेटीत मुठीसाठी वजन नाही.

बारा वाजता नोकरी सुटते.
पेटी गाडीत ठेवून, टोपी काढून,
मी साधा माणूस होऊन तिच्यासमोर उभा राहिलो.
"पाव किलो."
तिनं मोजले. सुई रेषेवर आली.
एक दाणा जास्त झाला, तो तिनं चिमटीत उचलून
परत पोत्यात टाकला.
"तुम्ही घरी जाऊन मोजणार," म्हणाली.

मोजले.
अडीचशे.
बायको इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

रात्री भिजत घातले.
सकाळी पातेल्यावरचं झाकण
बोटभर वर उचललं गेलं होतं.