पांढरी एक

एर्मेलिंदा बाईंनी विचारलं, सोयरू, पेटी करशील का.
म्हटलं, केल्यात की, नार्व्यापासून मयेपर्यंत
भजनाला बसतात त्या बहुतेक माझ्याच.
म्हणाल्या, एक नको. पाच हव्यात,
आणि पाचांची मिळून एक.

नकाशा त्यांनी जुन्या कॅलेंडरवर काढलेला,
एप्रिलच्या पाठीवर भाता, मेच्या पाठीवर नळ्या.
चॅपेल पलीकडे, दिवाडीच्या चढणीवर.
माळ्याचा जिना वळतो तिथं बावीस इंच.
वेताची काठी घेऊन मी पुन्हा मोजलं,
कारण भिंतीला पोट सुटलेलं.
एकवीस.
मग बाकी सगळं त्या एकवीसातून निघालं,
भात्याची रुंदी, पट्ट्यांची संख्या, बाईंची कोपरं.
आधी वाट, मग वाद्य.

खर्जाच्या नळीला आठ फूट लागतात.
आठ फूट कुठल्या जिन्यात वळणार?
बाई म्हणाल्या, वरून बूच मार.
मारलं,
आणि चार फूट शिवणीच्या लाकडातून
आठ फुटांचा आवाज आला.
दोन दिवस फुंकून बघत होतो, विश्वास बसेना.
बायको म्हणाली, कारखान्यात रेडा बांधलाय का.

फणस घेतला नाही. फणस पावसाळ्यात फुगतो
आणि मनातलं बोलून टाकतो.
सांधे मखराचे ठेवले,
चवथीला जोडायचं, नंतर सोडवून माळ्यावर टाकायचं,
खिळा नाही, नुसती पाचर,
पण मखरातून वारा गेला तर कोण विचारतो,
इथं केसाएवढी फट म्हणजे महाद्वार.
मेंढीचं कातडं लावलं सांध्यासांध्याला,
तरी रात्री भाता हळूच उसासायचा.

त्यांचा दो ती माझी पांढरी एक.
त्यावरून भांडण नाही.
भांडण गांधारावर.
माझा त्यांना बसका वाटे, त्यांचा मला चढा,
बूच केसभर आत, बूच केसभर बाहेर,
चहा निवाला.
शेवटी कुणाचा राहिला ते मी सांगणार नाही.

फेस्ताच्या सकाळी पाच पेट्या टेंपोत,
टेंपो फेरीबोटीत. उतरताना गर्दी,
कुणाची स्कूटर सुरू होईना, कोंबड्यांची पाटी मध्ये,
आणि माळ्यावर पोचून जोडायला बसलो तर
चार.
खर्जाची पेटी नदीत होती.
म्हणजे बोटीत, लाईफ जॅकेटांच्या शेजारी,
नार्व्याला परत निघालेली.

घंटा झाली. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
तशाच वाजवू लागल्या, जोतं नसलेलं घर.
पहिली ओळ उभी राहिली, दुसरी डुगडुगली,
तिसरीला खाली कुणीतरी हवंच होतं,
तेवढ्यात मागच्या बाकावरचा रोलदांव रेंदेर,
माडावर चढण्यात जन्म गेलेला माणूस,
गळ्यानं खाली उतरला,
एकेक खाच धरून,
माझी नळी जिथं असायची नेमका तिथं टेकला.

संध्याकाळी फेरीवरचा शाबी पेटी घेऊन आला.
चौदा खेपा झाल्या हिच्या, म्हणाला.
मग जरा थांबून,
त्यातली मोठी मी फुंकून बघितली.
आमच्या भोंग्यापेक्षा बरी.
दोन होड्या बाजूला झाल्या.

नळीच्या तोंडाशी पानाचा लाल डाग होता.
पुसायला फडकं घेतलं, तर बाई म्हणाल्या, राहू दे,
सूर बघ आधी.
पांढरी एक, जागच्या जागी.

आता त्या पेटीवर मी दोन्ही लिप्यांत रंगवलंय,
पहिली मला उतरवा.