शेवटचं पेर

सुपीरियर सरोवर त्या आठवड्यात काठाकडून गोठायला लागलं होतं.
तौनो रिंताला मांजर घेऊन आला
सफरचंदांच्या खोक्यात, वरून पोतं.
थंडर बेमधल्या निम्म्याशिम्म्या सोफ्यांना
गवसणी घातली ती यानंच.
खोकं टेबलावर ठेवून म्हणाला,
'हिची नखं काढून टाक, डॉक्टर. कायमची.
पेल्टिएबाईंची हिरवी मखमल होती.
तीन आठवड्यांचं काम, एका रात्रीत लक्तरं.'

पोत्याखालून पुल्ला बाहेर बघत होती,
आरोप मान्य असल्यासारखी.

काढून टाक.
सगळे असंच म्हणायचे, न्हाव्याकडे आल्यासारखे.
आणि मी वीस वर्षं काढत होते.

नख काढून भागत नाही, तौनो, ते पुन्हा उगवतं.
म्हणून ज्या हाडातून उगवतं ते हाडच काढायचं.
बोटाचं शेवटचं पेर.
पुढच्या दोन पंजांची मिळून दहा.
ट्रेमध्ये भोपळ्याच्या बियांएवढी दिसायची.
पेरली असती तर काय उगवलं असतं
असा विचार एकदाच केला,
मग झाकण लावायला शिकले.

त्याच्या मधल्या बोटात अंगुस्तान होतं,
दुकानातून तसाच उठून आला असणार.
म्हटलं, ते जेवढं झाकतं ना,
तेवढंच.

त्यानं बोटाकडे पाहिलं.
मग अंगुस्तान काढून टेबलावर ठेवलं,
काहीतरी उष्टं असावं तसं.

मी त्याला शाळेतल्या बाईंचा करडा बोका सांगितला नाही.
पट्ट्या सुटल्यावर तो वाळूच्या खोक्याशी जायचा,
एक पाय टेकायचा, उचलायचा.
खडे टोचत होते.
मग पलंगाखाली मुतायला लागला.
मग चावायला. दुसरं हत्यार आम्ही ठेवलंच नव्हतं.
वर्षभरात बाई त्याला परत घेऊन आल्या
शेवटच्या इंजेक्शनसाठी.
गळ्याला नख लावणं म्हणतात.
नख माझं होतं.

आणि हेही सांगितलं नाही
की त्यानंतरसुद्धा मी दोन वर्षं थांबले नाही.
फी बरी मिळायची.

तौनो बराच वेळ गप्प होता.
मग त्यानं जो प्रश्न विचारला
तो वीस वर्षांत कुणी विचारला नव्हता:
'तिला उभा धागा लागतो की आडवा?'

खिशातून टेप निघाली.
मी पुल्लाला उभं धरलं, त्यानं माप घेतलं,
मागच्या टाचेपासून ताणलेल्या पंजापर्यंत,
गिऱ्हाइकाचं घ्यावं तसं, अदबीनं.
'एवढी अंग ताणते, आणि खांब डुगडुगला तर?'
तर पुन्हा सोफा, म्हटलं. तो हलत नाही.
'मखमलीला लव असते, वीण नसते,' तो स्वतःशीच म्हणाला,
'तिला आतलं तरट हवं होतं.'

मग मी त्याला पंजा दाबायला शिकवलं.
गादी हलकेच दाबली की आकडा बाहेर येतो,
आत गुलाबी शीर, तिच्या अलीकडे कापायचं,
दोन आठवड्यांनी पुन्हा.
ज्यानं आयुष्यभर मखमल सरळ कापली
त्याचा हात थरथरत होता.
नखांवर बसवायच्या मऊ टोप्याही दिल्या.
त्या एका रात्रीत निघाल्या,
तीन तर त्याच्या बुटात सापडल्या.

मार्चमध्ये दुकानावरून गेले.
काचेशी एक खांब, स्प्रूसचा, दोरानं घट्ट विणलेला,
तळाशी भट्टीची जुनी लोखंडी चकती.
दोर कमरेपर्यंत पिंजलेला.
सगळं सुधारलं असं नाही.
एका खुर्चीचा डावा हात ती अजून ओरबाडते.
त्या हातावर तो आता कापड चढवत नाही.

अंगुस्तान माझ्याकडेच राहिलंय.
तो मागत नाही.
दवाखाना बंद केल्यावर कधीतरी बोटात घालते.
बरोबर पेरापर्यंत येतं.